पार्श्वभूमी : स्विच चालतो, पण हाती लागत नाही

नेटवर्क स्विचखालचे संगणक व्यवस्थित चालतात, फोन वाजतात, वापरणाऱ्यांची एकही तक्रार नसते. फक्त स्विचच्या स्वतःच्या आयपीवर पिंग (उत्तर मागणारा तपासणीचा संदेश) जात नाही. व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवर आखलेले वेगळे आभासी जाळे, आणि ज्यातून स्विचशी बोलले जाते तो मॅनेजमेंट व्हीलॅन. त्याचा बिघाड बहुधा याच रूपात समोर येतो. पत्ता, मास्क आणि केबल तपासून झाल्यावर शोध साधारणपणे दोन ठिकाणी येऊन थांबतो : व्हीलॅन १ आणि ट्रंकवरून (दोन स्विचमधल्या, अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवरून) टॅगशिवाय, म्हणजे व्हीलॅनच्या क्रमांकाच्या खुणेशिवाय, जाणारी फ्रेम (तारेवरून जाणारे माहितीचे पाकीट). या दोन्ही गोष्टी नव्वदच्या दशकात ठरल्या. त्या तशा का ठरल्या हे ठाऊक असेल, तर अर्धे शोधकाम खुर्चीतून न उठता होते.

सुरुवातीच्या ब्रिजना (स्विचच्या पूर्वजांना) पत्त्याची गरजच नव्हती. ते फ्रेम पुढे ढकलत, आणि काही बदलायचे असेल तर कन्सोलची केबल लावून ९६०० बॉडवर बसावे लागे. १९८८ मध्ये एसएनएमपीचे (दुरून उपकरणांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीचे) पहिले मानक आले, १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आला, आणि दूर बसून उपकरणे पाहायची सोय हवीशी झाली. त्यासाठी स्विचला आयपी द्यावा लागला. म्हणजे स्विचच्या पोटात, न दिसणाऱ्या एका पोर्टवर, एक साधा होस्ट, म्हणजे जाळ्यातला एखादा संगणकच, बसवला गेला. त्याला एआरपी (आयपीवरून समोरच्याचा मॅक, म्हणजे उपकरणाचा पत्ता, विचारणे) करावा लागतो, गेटवे (सबनेटबाहेर जाण्याचे दार) लागतो आणि कोणत्या तरी एका व्हीलॅनमध्ये राहावे लागते. मॅनेजमेंटचा बिघाड शोधताना ‘स्विच’ ही गोष्ट बाजूला ठेवून या होस्टचाच विचार केला, तर निम्मे प्रश्न साधे होतात.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या चासी स्विचवर या होस्टचे नाव ‘एससी०’ असे. त्याला एक आयपी आणि एक व्हीलॅन मिळे, आणि कारखान्यातून आलेल्या स्विचवर तो व्हीलॅन १ असे. त्याच सुमारास आलेल्या छोट्या, एका युनिटच्या स्विचवर व्हीलॅनचे इंटरफेस वेगवेगळे बनवता येत, पण चालू फक्त एकच राही. नव्या इंटरफेसवर ‘मॅनेजमेंट’ ही आज्ञा दिली की जुना इंटरफेस त्याच क्षणी बंद पडे. टेलनेटवरून, म्हणजे दूर बसून, हे करणाऱ्याचे सत्र एंटर दाबताच गोठत असे. अपलिंकवर (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन आधीच पोहोचलेला असेल, तर नव्या पत्त्यावर पुन्हा शिरता येई. नसेल, तर कन्सोल केबल घेऊन रॅकपर्यंत जावे लागे. ‘आधी वाट तयार करा, मग मुक्काम हलवा’ हा क्रम नेटवर्कवाल्यांच्या हाडीमाशी भिनला तो याच काळात.

सुरुवातीला व्हीलॅन १ निवडण्यामागे वावगे काही नव्हते. सगळे पोर्ट त्यात, स्विचचा होस्टही त्यात. खोके उघडून केबल लावली की काम सुरू. १९९८ च्या ८०२.१क्यू या व्हीलॅनच्या मानकानेही पोर्टचा मूळ व्हीलॅन १ हाच धरला. पेच निर्माण झाला तो इमारती मोठ्या झाल्यावर. व्हीलॅन १ न पुसता येणारा, म्हणून प्रत्येक ट्रंकवर आपोआप पसरणारा. सीडीपी (शेजारच्या उपकरणाची ओळख) आणि व्हीटीपी (व्हीलॅनची यादी पसरवणे) यांसारखे नियंत्रण संदेश त्यावरूनच जात, आणि पुढे ट्रंकवरून व्हीलॅन १ काढायची मुभा मिळाली तेव्हाही हे संदेश त्यावरून जातच राहिले. कुठल्या तरी मजल्यावर कुणी केबलचा लूप केला की ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना उद्देशून असलेल्या फ्रेमचा) लोंढा सगळ्या इमारतींतल्या सगळ्या स्विचच्या प्रोसेसरवर येऊन आदळे, कारण तिथला होस्ट त्याच व्हीलॅनमध्ये बसलेला आणि प्रत्येक ब्रॉडकास्ट वाचणे त्याला भाग. लूप अडवणारी स्पॅनिंग ट्रीही त्याच प्रोसेसरवर चाले. प्रोसेसर दमला की बीपीडीयू (तिचे संदेश) वेळेवर वाचले जात नसत, अडवलेला पोर्ट उघडे आणि लूप आणखी पसरे. मॅनेजमेंटसाठी वेगळा व्हीलॅन ठेवा हा सल्ला सुरक्षिततेच्या काळजीतून आला, असे आज सर्रास मानले जाते. त्याची पहिली कारणे मात्र ही होती.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, जिच्यावर खरा वाद आहे. ट्रंकवर टॅग नसलेली फ्रेम चालू द्यायची की नाही?

मानक येण्याआधी एका मोठ्या कंपनीची आयएसएल ही स्वतःची पद्धत प्रचारात होती. तिच्यात ट्रंकवरची प्रत्येक फ्रेम २६ बाइटांच्या हेडरमध्ये आणि ४ बाइटांच्या शेपटात गुंडाळली जाई. उघडी फ्रेम हा प्रकारच नव्हता. कुठली फ्रेम कुठल्या व्हीलॅनची, याबद्दल संदिग्धता नव्हती. व्हीलॅन ओळखायला त्यात १० बिट वापरले जात. एफडीडीआय आणि टोकन रिंग या जुन्या जाळ्यांसाठी राखलेले १००२ ते १००५ हे क्रमांक आजही ‘शो व्हीलॅन’ या आज्ञेच्या उत्तराच्या तळाशी दिसतात ते त्या काळाचे अवशेष. एफडीडीआयची एक केबलही न पाहिलेले तंत्रज्ञ ते रोज वाचतात आणि पुढे जातात.

८०२.१क्यूने वेगळा रस्ता धरला. फ्रेम गुंडाळायची नाही, तिच्या आतच ४ बाइटांचा टॅग घालायचा, त्यात व्हीलॅनसाठी १२ बिट. आणि टॅग नसलेली फ्रेम आली तर ती पोर्टच्या मूळ व्हीलॅनची समजायची. या शेवटच्या तरतुदीचेच उत्पादकांच्या भाषेत ‘नेटिव्ह व्हीलॅन’ झाले. तिच्या बाजूने दिलेली कारणे त्या काळी भक्कम होती. दोन स्विचच्या मधे अजून हब (आलेले सगळ्या पोर्टवर पाठवणारी साधी खोकी) असत, टॅग न समजणारे ब्रिज असत. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट झाली होती, आणि जुनी उपकरणे अशी फ्रेम लांबी जास्त म्हणून फेकून देत. त्याच तारेवरच्या टॅग न समजणाऱ्या यंत्रालाही बोलता आले पाहिजे, ही अट नाकारली असती तर जुन्या जाळ्यांत नवे मानक शिरलेच नसते.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट राहतेच. ही सवलत हब असेपर्यंत गरजेची होती. हब गेले, सवलत राहिली. शिवाय ती दोन्ही टोकांनी स्वतंत्रपणे ठरवायची आहे. फ्रेमवर काही लिहिलेले नसते, त्यामुळे ती कुठल्या व्हीलॅनची हे पाठवणारा एक धरतो आणि घेणारा दुसरे. बाकीच्या व्हीलॅनवर टॅग असतो, म्हणून तिथे घोळ होत नाही. घोळ होतो तो नेमका नेटिव्ह व्हीलॅनमध्ये, आणि अनेक ठिकाणी मॅनेजमेंट तिथेच बसवलेले असते.

प्रत्यक्षात हे कसे दिसते? मजल्यावरच्या स्विचचा होस्ट व्हीलॅन ९९ मध्ये आहे आणि त्याच्या अपलिंकवर नेटिव्हही ९९ आहे. वरच्या स्विचने मात्र ९९ टॅगसह आणि १ नेटिव्ह असे ठेवले आहे. मजल्यावरच्या स्विचने गेटवेसाठी एआरपी विचारला. ९९ इथे नेटिव्ह, म्हणून फ्रेम टॅगशिवाय निघाली. वरच्याने ती व्हीलॅन १ मध्ये टाकली. तिथे त्या गेटवेचे कुणी नाही, उत्तर नाही. वापरणाऱ्यांचे व्हीलॅन १० आणि २० टॅगसह सुखरूप चालले आहेत. खालच्या स्विचवर कितीही पाहा, सगळे हिरवे दिसते : व्हीलॅन आहे, इंटरफेस वर (‘अप’) आहे, पत्ता बरोबर आहे. खरे काय घडले ते वरच्या स्विचच्या मॅक टेबलात (कोणता मॅक कुठल्या व्हीलॅनमध्ये दिसला त्या यादीत) दिसते. खालच्या स्विचचा मॅक तिथे ९९ समोर नसतो, १ समोर असतो. त्या एका ओळीने जे कळते, ते पिंग करत बसून कळत नाही.

एकाच उत्पादकाचे स्विच दोन्हीकडे असतील, तर सीडीपी नेटिव्ह जुळत नसल्याचा संदेश लॉगमध्ये टाकत राहतो. दर व्हीलॅनला वेगळी स्पॅनिंग ट्री चालवणाऱ्या पद्धतीत बीपीडीयूमध्ये तो ज्या व्हीलॅनमधून निघाला त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तो जुळला नाही की त्या व्हीलॅनपुरता पोर्ट अडवला जातो. हा इलाज आवश्यक असला, तरी दूर बसलेल्याला तो आणखी एक बिघाड वाटतो. दोन वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे जोडली की हा इशाराही मिळत नाही. त्यात भर म्हणजे ‘ट्रंक’ म्हटल्यावर एकाच्या स्विचवर टॅगचा पोर्ट होतो, तर दुसऱ्याच्या स्विचवर अनेक तारांची मोळी. खुद्द ‘मॅनेजमेंट व्हीलॅन’ ही आज्ञाही काही स्विचवर नुसता पत्ता बसवत नाही : ती त्या व्हीलॅनचे राउटिंग तोडते आणि बाकी सगळ्या व्हीलॅनमधून स्विचमध्ये शिरायला मनाई करते. नाव ओळखीचे म्हणून आज्ञा दिली, आणि देणाराच बाहेर राहिला, हा प्रकार तिथे नित्याचा.

पुढे या वादाला सुरक्षिततेची धार आली. एकाच फ्रेमवर दोन टॅग लावून व्हीलॅन ओलांडता येतो, हे तेव्हा जाहीरपणे मांडले गेले. हल्लेखोराचा पोर्ट आणि ट्रंकचा नेटिव्ह एकाच व्हीलॅनमध्ये असेल, तर पहिला स्विच बाहेरचा टॅग काढतो आणि फ्रेम ट्रंकवर सोडतो. दुसरा स्विच आतला टॅग वाचून ती तिसऱ्याच व्हीलॅनमध्ये देतो. उत्तर परत येत नाही, त्यामुळे हल्ल्याचा आवाका मर्यादित. पण कारखान्यातून आलेल्या स्थितीत सगळे पोर्टही व्हीलॅन १ मध्ये आणि नेटिव्हही १, म्हणजे ही अट आयतीच पूर्ण होती. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शिकेत दोन ओळी आल्या : व्हीलॅन १ वापरू नका, आणि नेटिव्हसाठी कुणीच वापरत नाही असा क्रमांक द्या. नेटिव्हवरही टॅग लावायची आज्ञा आली. ती बऱ्याच स्विचवर सगळ्या ट्रंकना एकदम लागू होते, आणि दिल्यानंतर टॅग नसलेली डेटा फ्रेम आत घेतली जात नाही. म्हणजे एका टोकाला ती दिली, दुसऱ्याला राहिली, आणि मॅनेजमेंट अजून नेटिव्हवरच असेल, तर सुरक्षितता वाढवण्याच्या नादात तो स्विच हातचा जातो.

दूरवरून काम करणाऱ्यांनी यावर आपले उपाय शोधले. ‘रीलोड इन १०’ लिहून मग बदल करायचा. संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच न साठवलेला बदल विसरून पुन्हा उठतो. दुसऱ्या एका घराण्याच्या प्रणालीत हीच सोय ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हणून आली, आणि तिथे त्यासाठी उपकरण बंद करावे लागत नाही. पहिल्या उपायात एक मेख आहे : सवयीने बदलानंतर लगेच ‘राइट’ (साठवण) केले, तर दहा मिनिटांनी स्विच चुकीच्याच मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) इमानेइतबारे उठतो.

आणखी दोन जुन्या सवयी आजही भोवतात. व्हीलॅनची यादी मांडणीच्या फाइलमध्ये न ठेवता ‘व्हीलॅन.डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची पद्धत अनेक स्विचवर होती. बिघडलेला स्विच बदलून जुनी मांडणी नव्यावर चढवली की इंटरफेस येतो, पत्ता येतो, पण व्हीलॅन येत नाही. मग इंटरफेस वर आणि प्रोटोकॉल खाली अशी ओळ दिसते. तो व्हीलॅन यादीत असल्याशिवाय, आणि त्यातला निदान एक पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (फ्रेम पुढे पाठवण्याच्या स्थितीत) असल्याशिवाय ती ओळ बदलत नाही.

दुसरी सवय गेटवेची. ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ही आज्ञा स्विच केवळ होस्ट होता त्या काळातली. स्विचवर राउटिंग सुरू केले की ती आज्ञा मांडणीत दिसत राहते, पण वापरली जात नाही. तिथे डिफॉल्ट रूट लिहावा लागतो. आणि गेटवे मुळीच न देताही काही स्विच वर्षानुवर्षे चालले, कारण ते प्रत्येक पत्त्यासाठी एआरपी विचारत आणि शेजारचा राउटर प्रॉक्सी एआरपीने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने, उत्तर देई. मग सुरक्षा तपासणीत कुणी राउटरवरचा प्रॉक्सी एआरपी बंद केला की स्विचला हात न लावताच स्विच गायब. अशा वेळी त्याच सबनेटमधून पिंग जातो आणि बाहेरून जात नाही, ही खूण पुरेशी आहे.

मॅनेजमेंटसाठी वेगळा इथरनेट पोर्ट आणि त्याचे वेगळे राउटिंग टेबल, ही पुढची पायरी. डेटा सेंटरमध्ये ती रुजली. मजल्यामजल्यावरच्या स्विचना दुसरी केबल ओढणे परवडत नाही, त्यामुळे तिथे मॅनेजमेंट अजून त्याच अपलिंकवरून जाते.

दरम्यान टॅग नसलेली फ्रेम निरुपयोगी ठरायच्या ऐवजी पुन्हा कामाची झाली. वायरलेसचे अ‍ॅक्सेस पॉइंट सुरू होताना टॅगशिवायच डीएचसीपीने आपला पत्ता विचारतात. नवा स्विच खोक्यातून काढून लावला की तोही आपली मांडणी मागायला व्हीलॅन १ मधून, टॅगशिवाय बोलतो. त्याला कुणी अजून व्हीलॅन शिकवलेला नसतो, तर टॅग लावणार कुठून? वर नेटिव्ह म्हणून रिकामा व्हीलॅन ९९९ ठेवणाऱ्या काटेकोर जाळ्यात असा स्विच मुका राहतो, आणि मग त्या एका पोर्टपुरता नियम शिथिल केला जातो. काम झाल्यावर तो पुन्हा आवळायचे बहुधा राहून जाते.

क्लाउडवरून चालणाऱ्या काही स्विचनी तर यावर स्वतःच मार्ग काढला आहे. नेमून दिलेल्या व्हीलॅनमधून कंट्रोलर सापडला नाही, की ते दिसेल त्या व्हीलॅनमध्ये डीएचसीपी मागतात आणि मिळालेल्या पत्त्यावरून संपर्क साधतात. पडद्यावर स्विच हिरवा दिसतो. त्याचा आयपी वापरणाऱ्यांच्या सबनेटमधला आहे, हे पत्त्याचा रकाना वाचल्याशिवाय कळत नाही. अपलिंकवर मॅनेजमेंट व्हीलॅन चढवायचा राहिला आहे ही गोष्ट तोवर झाकलेलीच असते, आणि त्या सबनेटमधून क्लाउडकडे जाणारी वाट फायरवॉलवर कुणी बंद केली की मग स्विच पडल्याची तक्रार येते.