यलोस्टोनचे उष्ण झरे : आरंभीचे समन्वेषण व धोके

अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील ज्वालामुखी पठार. गरम झरे, गायझर (ठरावीक वा अनियमित अंतराने गरम पाणी उसळवणारे झरे), चिखलकुंडे व धूममुखे (वाफ व वायू सोडणारी छिद्रे) अशी १०,००० हून अधिक स्थळे येथे असून त्यांपैकी सु. ५०० गायझर आहेत. सु. ६,४०,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाने खचलेल्या महाकुंडाखालील (ज्वालामुखीच्या विशाल खोलगट भागाखालील) शिलारस हा त्यांच्या उष्णतेचा उगम. (कोकणातील वज्रेश्वरी, उन्हवरे येथील उन्हाळी म्हणजे गरम झरे या प्रकारचे नव्हेत, तेथील पाणी खोल भेगांतून फिरून तापते.)

जॉन कोल्टर हा फासे लावून फरसाठी जनावरे पकडणारा शिकारी १८०७–०८ च्या हिवाळ्यात या भागातून गेला असावा. त्याने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्याचा मार्ग कळतो तो समन्वेषक विल्यम क्लार्क यांच्या १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशावरून. ‘कोल्टरचा नरक’ हे नाव पुढे यलोस्टोनच्या गायझरांना चिकटले. मात्र लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या १८३७ मधील लेखनात ते स्टिंकिंगवॉटर (आताची शोशोनी) नदीकाठच्या, सध्याच्या कोडी शहराजवळील गंधकी झऱ्यांना उद्देशून आहे. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तेथील झरे आता बरेचसे निवाले असल्याने जुन्या लेखकांची गफलत झाली असावी. स्थानिक जमाती गायझरांच्या भीतीने हा प्रदेश टाळत, हे विधानही जपूनच घ्यावे. यलोस्टोनमधील ऑब्सिडियन क्लिफ या कड्यावरील ज्वालाकाच (काचेसारखा ज्वालामुखी खडक) हजारो वर्षे हत्यारांसाठी काढली जात होती आणि टुकुडिका शोशोनी या जमातीचे लोक येथे राहत.

डॅनियल पॉट्स या शिकाऱ्याचे येथील झऱ्यांविषयीचे पत्र (१८२७ मध्ये छापलेले) व फर-व्यापारातील वॉरन फेरिसची भेट (१८३४) यांनंतर पद्धतशीर पाहणी १८६९ पासून झाली. १८७० मध्ये वॉशबर्न यांच्या समन्वेषण तुकडीतील ट्रुमन एव्हर्ट्स वाट चुकला व ३७ दिवसांनी सापडला. हार्ट सरोवराजवळच्या झऱ्यांपाशी त्याला ऊब मिळाली, काटेरी वनस्पतीची मुळे उकडून खाता आली. पण तेथेच झऱ्याकाठच्या जमिनीचा पातळ पापुद्रा फुटून वाफेने त्याचे कुल्ले भाजले. भूवैज्ञानिक हेडन यांच्या १८७१ च्या सर्वेक्षणानंतर १ मार्च १८७२ रोजी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

एव्हर्ट्सला भोवलेला पापुद्रा हा मुख्य धोका. रायोलाइट या ज्वालामुखी खडकातून विरघळलेली सिलिका (वाळूतील मुख्य खनिज द्रव्य) पाणी निवताना काठावर साचते आणि थर आत, कुंडावर वाढत जातो. वरून पांढरी टणक जमीन दिसते, खाली आधार नसतो. जाडी डोळ्यांनी ठरवता येत नाही. जनावरांच्या पाऊलखुणाही भरवशाच्या नाहीत. सु. २,२४० मी. उंचीवर पाणी ९३° से.लाच उकळते, पण तेवढे तापमान सर्वांगाला खोल भाजण्यास काही सेकंद पुरे होते. झऱ्यांत भाजून २० हून अधिक मृत्यू नोंदले आहेत. १९८१ मध्ये एक तरुण कुत्र्याला वाचवण्यासाठी सु. ९४° से.च्या कुंडात उतरला; दोघेही वाचले नाहीत. उद्यानातील नॉरिस या गायझर-क्षेत्रातील आम्लयुक्त पाणी खडकच पोखरते.

वायूंचा धोका दुय्यम, पण कपटी. उद्यानातील लामार खोऱ्याजवळच्या ‘डेथ गल्च’ घळीत १८८८ मध्ये भूवैज्ञानिक वॉल्टर वीड यांना अस्वलांची प्रेते आढळली. कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने वारा नसताना तळाशी साठतात. याखेरीज पाण्याचा दाब एकाएकी उतरल्यास वाफेचे स्फोट होतात. २३ जुलै २०२४ रोजी उद्यानातील बिस्किट बेसिन या उष्ण झऱ्यांच्या क्षेत्रातील अशा स्फोटाने लाकडी पायवाट मोडली. कोणी जखमी झाले नाही.