मोल (रसायनशास्त्र)

मोल हे पदार्थाची राशी मोजण्याचे एसआय (आंतरराष्ट्रीय एकक) पद्धतीतील एकक आहे. ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल. हे कण अणू, रेणू, आयन किंवा इलेक्ट्रॉन असू शकतात. या संख्येला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. मराठीतल्या किंमत या अर्थाच्या 'मोल'शी या शब्दाचे नाते नाही. आपला मोल संस्कृत 'मूल्य'पासून आला, तर रसायनातला जर्मन आहे आणि तो रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केला.

संख्या केवढी आहे ते पाहण्यासाठी पुण्याचे खडकवासला धरण घ्या. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट). एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर एक मोल थेंब साठवायला अशी सुमारे ५४ कोटी धरणे लागतील. उलट एक मोल पाणी म्हणजे जेमतेम १८ ग्रॅम, एका घोटात संपेल इतके.

एवढे कण मोजायचे कसे? रविवार पेठेतल्या बोहरी आळीत खिळे किलोवर मिळतात. एका खिळ्याचे वजन ठाऊक असेल, तर तराजूवरूनच नग कळतात. मोलची सारी युक्ती हीच आहे. अणुवस्तुमान किंवा रेणुवस्तुमान जेवढे, तेवढे ग्रॅम घेतले की एक मोल होतो: लोखंड ५६ ग्रॅम, गंधक ३२ ग्रॅम, साखर ३४२ ग्रॅम. वजने वेगवेगळी, पण कण तितकेच.

कणांच्या संख्येचे महत्त्व कळते ते अभिक्रियेत. लोखंडाचा एक अणू गंधकाच्या एका अणूशी जोडला जाऊन आयर्न सल्फाइड बनते. दोन्ही १० – १० ग्रॅम घेऊन तापवले, तर लोखंड पूर्ण वापरले जाऊनही सुमारे ४.३ ग्रॅम गंधक उरते. समान वजन म्हणजे समान कण नव्हेत, हे या उरलेल्या गंधकाइतके स्पष्ट कोणतीही व्याख्या सांगत नाही. शिकवताना सूत्राआधी हा हिशेब यायला हवा.

इटालियन शास्त्रज्ञ आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये सांगितले, की समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. संख्या मात्र त्यांनी काढली नव्हती. तिला त्यांचे नाव १९०९ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँ यांनी दिले. मोल १९७१ मध्ये एसआयचे मूलभूत एकक झाला. पूर्वी त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर बेतलेली होती; २० मे २०१९ पासून संख्याच निश्चित केली आहे.

राज्य मंडळाच्या शाळांत मोल नववीत भेटतो आणि अकरावीत त्यावर गणिते येतात. सर्वाधिक चुका होतात त्या कण कोणता हे न सांगितल्यामुळे. 'एक मोल ऑक्सिजन' म्हणजे अणूंचा असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२. हिंदी माध्यमातून पुण्यात आलेल्या मुलांची अडचण तर दुहेरी असते: मराठीत ज्याला अणू म्हणतात तो हिंदीत 'परमाणु', आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला रेणू.