लग्नात सोडलेलं कबूतर जातं कुठे?

वधूवरांच्या हातून पांढरी कबुतरं उडवण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांतली. आता ती आपल्याकडच्या हौशी लग्नांतही दिसते. पक्षी मोकळा झाला असं समजून पाहुणे टाळ्या वाजवतात. पण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला मोकळं आकाश म्हणजे उपासमार, नाहीतर घारीची झडप. २६ जानेवारी २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये सोडलेल्या दोन पांढऱ्या कबुतरांवर साऱ्या गर्दीदेखत एक सीगल आणि एक कावळा तुटून पडले होते. पुढच्या वर्षी तिथे फुगे सोडले गेले.

सुरक्षित सोडायचा तो घरी परतू शकणारा पक्षी, म्हणजे होमर कबूतर. देखणा पांढरा लक्का धड उडत नाही. जेमतेम १५० ग्रॅमच्या पाळीव पांढऱ्या होल्याला परतीची वाट सापडत नाही.

होमरला दिशा कळते सूर्यावरून. पण सूर्य तासाला सरासरी १५ अंश सरकतो, म्हणून सोबत घड्याळही लागतं, आणि ते कबुतराच्या शरीरातच असतं. क्लाउस श्मिट-कोएनिग या जर्मन शास्त्रज्ञानं हे फार सुंदर दाखवून दिलं. कबुतरं बंद खोलीत ठेवून त्यानं दिव्यांच्या मदतीनं त्यांचा दिवस ६ तासांनी सरकवला. समजा, पक्ष्याचं घड्याळ ६ तास मागे पडलंय आणि घर उत्तरेला आहे. भर दुपारी सोडल्यावर त्याला वाटतं, सकाळचे ६ वाजलेत, म्हणजे सूर्य पूर्वेला. उत्तरेकडे जायचं तर पूर्व उजव्या अंगाला हवी. तो सूर्य उजवीकडे धरून निघतो. सूर्य मात्र खरोखर दक्षिणेला असतो. त्यामुळे पक्षी उडतो पूर्वेला, सुमारे ९० अंश चुकून!

गंमत पुढे आहे. अशीच घड्याळ बिघडवलेली कबुतरं ढगाळ दिवशी मात्र बरोबर घराकडे निघतात, कारण तेव्हा ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम कीटननं त्यांच्या पाठीवर चुंबक चिकटवला, तेव्हा ढगाळ दिवशी ती भरकटली. ‘कबुतराच्या चोचीत होकायंत्र असतं’ हे मात्र ऐकून सोडून द्यावं. चोचीतल्या ज्या लोहयुक्त पेशींवर ही कल्पना उभी होती, त्या चेतापेशी नसून रोगप्रतिकारक पेशी असल्याचं २०१२ मध्ये दिसून आलं. शिवाय होकायंत्र फक्त दिशा सांगतं; आपण कुठे आहोत हे कळायला नकाशा लागतो, आणि त्यात वासाचा मोठा वाटा असल्याचं इटलीतल्या फ्लोरियानो पापी यांच्या प्रयोगांनी दाखवलं.

आता आपल्या लग्नांकडे या. गोरज मुहूर्तावर कबूतर सोडणं सर्वात वाईट. अंधार पडला की होमर मिळेल तिथे बसतो आणि मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी जातो. मे महिन्यातली भर दुपारही टाळावी. शून्य सावलीच्या दिवसांत सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तो कोणती दिशा दाखवणार? सकाळची स्वच्छ वेळ उत्तम. पाऊस, धुकं, फटाके आणि बंद हॉल नको. पुण्य लागतं म्हणून बाजारातून पिंजरा विकत घेऊन पक्षी उडवणाऱ्यांना कळकळीची विनंती: तुमच्या पैशावरच पुढचा पक्षी पकडला जातो.

कबुतरं आणणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. यांची ढाबळ कुठे आहे, आणि या बाजूनं ती आधी कधी घरी परतली आहेत का? समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर त्याला पिंजऱ्यासकट परत पाठवा.