मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिमचा नेटबुक व इतर संलग्न उपकरणांतील विस्तार

मोबाइल फोन किंवा खिशात मावणारा संगणक डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्र चालवणारी मूळ प्रणाली) स्वस्त नेटबुक (मुख्यतः इंटरनेटसाठीचा लहान, हलका लॅपटॉप), टॅबलेट, दूरचित्रवाणी संच, मनगटी घड्याळ, तिकीट यंत्र अशा नेटजोडणी असलेल्या उपकरणांवर आणण्याची प्रक्रिया. तिचा सर्वांत गजबजलेला काळ साधारणपणे २००७ ते २०१२ हा मानला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नेटबुकचा, तसेच मराठी वापरकर्त्याच्या आणि विशेषतः नागपूर परिसराच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबींचा विचार केला आहे.

उगम व कालनिश्चिती : या विस्ताराचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी तीन मते आढळतात. सर्वाधिक प्रचलित मतानुसार तो २००९ च्या आरंभी झाला. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, बाजारात येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. त्याच सुमारास बाहेरच्या प्रोग्रामरांनी अँड्रॉइडचा खुला सोर्स कोड वापरून ती प्रणाली आसूसच्या ईईई पीसी या नेटबुकवर चालवून दाखवली आणि फोनची प्रणाली संगणकावर चालू शकते, ही गोष्ट सर्वांच्या लक्षात आली.

दुसरे मत हा प्रारंभ किमान दहा वर्षे मागे नेते. ॲपलने १९९७ मध्ये शाळांसाठी काढलेल्या ईमेट ३०० या कळफलक असलेल्या यंत्रावर न्यूटन ही हातात धरायच्या उपकरणांची प्रणाली होती. एचपीच्या जॉर्नाडा ८२० वर १९९८ मध्ये विंडोज सीई होती. ब्रिटनमधील सायॉन कंपनीने १९९९ च्या सुमारास आणलेल्या यंत्राचे तर नावच नेटबुक होते. त्याला सुमारे ७.७ इंची रंगीत स्पर्शपडदा, एआरएम या कमी वीज वापरणाऱ्या प्रोसेसरांच्या घराण्यातील स्ट्राँगआर्म प्रोसेसर आणि पूर्ण कळफलक होता. फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क नव्हती. त्यावर ईपॉक ही प्रणाली चालत असे. जून १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन व मोटोरोला यांनी मिळून सिंबियन ही कंपनी स्थापन केली आणि ईपॉकचेच पुढे सिंबियन झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगातील बहुसंख्य स्मार्टफोन याच प्रणालीवर चालत.

तिसरे मत मधला टप्पा महत्त्वाचा मानते. नोकियाने २००५ च्या अखेरीस ७७० हे इंटरनेट टॅबलेट आणले. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या डेबियन या आवृत्तीवर बेतलेली त्याची मेमो ही प्रणाली फोनची नव्हतीच. तिला फोनची सोय २००९ मधील एन९०० या संचात मिळाली. मे २००७ मध्ये पामने फोलिओ हे फोनला जोडीदार म्हणून वापरायचे लहान लिनक्स यंत्र जाहीर केले, मात्र विक्रीस येण्यापूर्वीच त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते रद्द केले.

उपलब्ध तपशील पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्यातून या प्रवासाची खरी दिशा कळते. ईपॉक आणि मेमो या दोन्ही प्रणाली कळफलकाच्या किंवा मोठ्या पडद्याच्या लहान संगणकावर जन्मल्या आणि मागाहून फोनमध्ये गेल्या. फोनमधून संगणकाकडे असा सरळ प्रवास अँड्रॉइडच्या बाबतीत जसा दिसतो, तसा तो सर्वत्र झालेला नाही. तथापि सतत नेटजोडणी गृहीत धरणारे यंत्र एवढाच अर्थ घेतला, तर १९९७-९९ मधील यंत्रे त्यात पूर्णपणे बसत नाहीत. त्या अर्थी २००९ ही कालमर्यादा टिकाऊ ठरते. नेटबुक हे नाव सायॉनकडे नोंदलेले असल्याने २००८ च्या अखेरीस त्यावरून कायदेशीर वाद उद्भवला, परंतु जून २००९ मध्ये सायॉनने इंटेलशी समझोता करून नोंदणीवरील हक्क सोडला.

नेटबुकचा काळ : शंभर डॉलरांत मुलांसाठी संगणक, ही अमेरिकन संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना या बाजारपेठेला चालना देणारी ठरली. एक्सओ-१ या त्या संगणकाचा प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातील खैराट या लहानशा गावाच्या शाळेतही झाला. प्रत्यक्षात बाजार उघडला तो ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या ईईई पीसी ७०१ ने. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी फ्लॅश साठवण आणि झँड्रॉस लिनक्स, असे त्याचे स्वरूप होते. २००८ मध्ये इंटेलने ॲटम प्रोसेसर आणला. लिनक्सचा शिरकाव पाहून मायक्रोसॉफ्टने अशा स्वस्त यंत्रांपुरती विंडोज एक्सपीची मुदत जून २०१० पर्यंत वाढवली. सवलतीच्या परवान्यासाठी पडद्याचा आकार, रॅम व डिस्क यांवर मर्यादा घातलेल्या असल्याने त्या काळातील नेटबुके एकमेकांसारखी दिसतात.

फोनच्या प्रणालींना येथे वाव मिळाला तो किमतीमुळे. खुल्या प्रणालीला परवाना शुल्क नव्हते आणि एआरएम प्रोसेसरवर बॅटरी अधिक काळ चाले. क्वालकॉम व फ्रीस्केल या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी २००९ मध्ये स्मार्टबुक या नावाने असा वर्ग पुढे आणला. इंटेलने मोबलिन ही आपली प्रणाली लिनक्स फाउंडेशनकडे सोपवली. फेब्रुवारी २०१० मध्ये मोबलिन व मेमो एकत्र करून मीगो निर्माण झाली. परंतु पुढच्याच वर्षी नोकिया विंडोज फोनकडे वळली आणि मीगोचा आधार गेला. एसरने २००९ मध्ये ॲस्पायर वन मालिकेत विंडोजबरोबर अँड्रॉइडही दिले. तोशिबाच्या २०१० मधील एसी१०० वर केवळ अँड्रॉइड होते, पण गूगलचे ॲप दुकान नव्हते. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड जाहीर झाल्यावर उत्पादकांचे लक्ष टॅबलेटकडे गेले आणि स्मार्टबुक हा वर्ग रुजण्याआधीच मावळला.

तांत्रिक अडचणी : अँड्रॉइडची बहुतेक ॲप डाल्विक या आभासी यंत्रावर (ॲप व प्रोसेसर यांच्यामधील सॉफ्टवेअरच्या थरावर) चालत असल्याने ती कोणत्याही प्रोसेसरवर चालावीत, अशी अपेक्षा होती. खेळ, व्हिडिओ यांसारख्या ॲपमधील काही भाग मात्र थेट एआरएमच्या यंत्रभाषेत संकलित केलेला असे. तो इंटेलच्या प्रोसेसरवर चालत नसे, आणि त्यासाठी पुढे यंत्रभाषेचे चालू स्थितीत भाषांतर करणारा थर घालावा लागला. याहून मोठी अडचण मांडणीची होती. एका वेळी एकच ॲप, उभा पडदा आणि बोटाचा स्पर्श ही गृहीतके प्रणालीच्या मुळाशी होती. माउस व कळफलक यूएसबीवरून जोडण्याची रीतसर सोय अँड्रॉइड ३.१ मध्ये, म्हणजे २०११ मध्ये आली, तर दोन ॲप शेजारी-शेजारी ठेवण्याची सर्वसाधारण सोय २०१६ मधील ७.० आवृत्तीत. तोवर दहा इंची आडव्या पडद्यावर फोनचे ॲप ताणून दाखवले जाई. पत्र लिहिताना एका खिडकीत संदर्भ आणि दुसरीत मजकूर ठेवणाऱ्या माणसाला अशा यंत्राचा उपयोग नव्हता, आणि स्मार्टबुकच्या अपयशाचे हे कारण किमतीच्या किंवा वेगाच्या कारणांपेक्षा अधिक मूलभूत मानले पाहिजे.

गूगलने जुलै २००९ मध्ये क्रोम ओएस ही निराळी प्रणाली जाहीर केली, तीत ब्राउझर हाच पाया होता. तिच्यावरील क्रोमबुक जून २०११ पासून विकली जाऊ लागली. एकाच कंपनीने लहान संगणकासाठी दोन प्रणाली समांतर चालवण्याचे हे धोरण दीर्घकाळ टिकले. क्रोम ओएसवर अँड्रॉइड ॲप चालवण्याची सर्वसाधारण सोय २०१६ मध्ये जाहीर झाली.

देवनागरीचा प्रश्न : या विस्ताराच्या इतिहासात लिपीचा मुद्दा क्वचितच येतो, पण मराठी वाचकासाठी तोच निर्णायक होता. देवनागरी दाखवण्यासाठी केवळ फॉन्ट पुरत नाही; अक्षरांची जागा बदलणारे व जोडाक्षरे घडवणारे आकारयोजनाचे इंजिन लागते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ते नव्हते. मूळ प्रणालीत मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. कोणी नुसता फॉन्ट घातला, तर ‘विद्यार्थी’ या शब्दातील पहिली वेलांटी व च्या डावीकडे न येता उजवीकडे पडे, पाय मोडलेल्या द पाठोपाठ य सुटा उभा राही आणि रफार थ वर चढतच नसे. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतील आडव्या र ची गत याहून बिकट होती, कारण हिंदीत तो येत नसल्याने हिंदीपुरती तपासणी केलेल्या यंत्रांत त्याकडे दुर्लक्ष होई. युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांतील अक्षरांना संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) तो ऱ या अक्षराला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त जोडून त्यानंतर अदृश्य संधिचिन्ह घालून, अशा दोन प्रकारे लिहिता येतो. त्यामुळे एकाच शब्दाच्या दोन लेखनांचा शोध घेताना आजही गफलत संभवते.

देवनागरीची योग्य मांडणी अँड्रॉइडमध्ये सर्वसाधारणपणे ४.० आवृत्तीच्या सुमारास, म्हणजे २०११ च्या अखेरीस आली असे म्हणता येते. मराठी ही संपूर्ण प्रणालीची भाषा म्हणून निवडण्याची सोय २०१४ मधील ५.० आवृत्तीत झाली. विंडोज एक्सपीवरील नेटबुकची स्थितीही आदर्श नव्हती. जटिल लिप्यांसाठीच्या फाइली त्यात आधीपासून चालू नसत आणि त्या घालताना विंडोजची सीडी मागितली जाई. नेटबुकला तर सीडी ड्राइव्हच नसे.

भारतातील प्रयत्न : दिल्लीत ५ ऑक्टोबर २०११ रोजी आकाश या टॅबलेटचे उद्‌घाटन झाले. डेटाविंड कंपनीने बनवलेल्या या यंत्राची शासनाला पडणारी किंमत सुमारे २,२५० रुपये होती. त्यात ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, दाबाने चालणारा सात इंची पडदा आणि अँड्रॉइड २.२ होती, गूगलचे ॲप दुकान नव्हते. वर सांगितलेली देवनागरीची अडचण ध्यानात घेता, देशी भाषांतील विद्यार्थ्यांसाठी ही आवृत्ती निवडणे दुर्दैवी ठरले. नोव्हेंबर २०१२ मधील आकाश २ मध्ये अँड्रॉइड ४.० व १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आला. क्रोमबुक भारतात ऑक्टोबर २०१३ मध्ये आले, पण तेव्हाच्या डेटाच्या दरांत सतत नेट मागणारे यंत्र सामान्य घराला परवडणारे नव्हते. सप्टेंबर २०१६ नंतर जिओच्या सेवेमुळे हे दर कोसळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला जिओबुक हा ११.६ इंची लॅपटॉप अँड्रॉइडवर बेतलेल्या जिओओएसवर चालणारा असून त्याची किंमत १५,७९९ रुपये होती. स्मार्टबुकच्या मूळ कल्पनेशी त्याचे नाते अगदी निकटचे आहे.

नागपूर : सीताबर्डीच्या बाजारपेठेत इतर शहरांप्रमाणेच नेटबुकची जागा आधी टॅबलेटने आणि नंतर मोठ्या पडद्याच्या फोनने घेतली. ग्रामीण विदर्भात त्या काळी भारनियमन तासन्‌तास चाले. बॅटरीवर टिकणाऱ्या लहान यंत्राचे महत्त्व तेथे शहरापेक्षा अधिक होते. आज या परिसरात मोबाइल प्रणालीचा विस्तार घरातील संगणकापेक्षा कामाच्या उपकरणांत जास्त दिसतो. गणेशपेठ बसस्थानकातून सुटणाऱ्या एसटीच्या वाहकाच्या हातात अँड्रॉइड तिकीट यंत्र असते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत काटोल-नरखेडचा संत्रा उत्पादक आपल्या बागेचे छायाचित्र स्थानासह मोबाइल ॲपवरून नोंदवू शकतो. पूर्वी हे काम तलाठ्याच्या वहीत होई. हे ॲप मराठीत आहे, याला मोठे महत्त्व दिले पाहिजे. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन आंदोलन म्हणून परत केले होते, आणि अपुऱ्या रॅमबरोबरच पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत असणे ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. स्वस्त यंत्र हाती देऊन भाषेची सोय न करणे, ही आकाशच्या वेळची उणीव दहा वर्षांनंतरही भरून निघाली नव्हती.

इतर उपकरणे : नेटबुकसाठी किंवा फोनसाठी घडलेल्या काही प्रणाली भलत्याच ठिकाणी टिकल्या. एचपीने पामकडून घेतलेली वेबओएस संगणकांवर आणण्याचे २०११ मध्ये जाहीर केले, पण काही महिन्यांतच तो विचार सोडला; २०१३ मध्ये ती एलजीकडे गेली व २०१४ पासून दूरचित्रवाणी संचांत वापरात आहे. मीगोनंतरची टायझेन सॅमसंगच्या संचांत स्थिरावली. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसपासून निघालेली कायओएस २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर दिलेल्या जिओफोनमध्ये आली. क्रोम ओएस व अँड्रॉइड यांचा पाया एक करण्याचा मनोदय गूगलने २०२५ मध्ये जाहीर केला आहे.