पट वेगळा, हजेरी वेगळी

जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय निघाला की गावात पहिला प्रश्न येतो, "पट किती?" आकडा कमी निघाला की शाळा गेली, असं पारावरच ठरतं. विचारणाऱ्याला खरं तर हजेरी हवी असते.

पट म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरात नावं असलेली मुलं. 30 सप्टेंबरचा पट धरून संच मान्यता होते आणि शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61वं मूल आलं की तीन. एका नावावर एक शिक्षक येतो-जातो, म्हणून जूनमध्ये गुरुजी-बाई दारोदार फिरतात. याच हिशेबापायी खोटी नावंही चढली. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा सुमारे 20 लाख मुलं कागदावर होती, वर्गात नव्हती.

हजेरी रोजची. फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर असे दोन आकडे असतात, आणि पोषण आहाराचा तांदूळ दुसऱ्यावर निघतो: पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम, पुढे आठवीपर्यंत 150. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातून विचारतात, "गुरुजी, आज किती?" पट त्या कधीच विचारत नाहीत.

दोन्हींतलं अंतर बघायचं तर बीड जिल्ह्यात जावं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात, उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले आईबाप साखर कारखान्यावर निघतात आणि धाकट्याला सांभाळायला थोरली पोरगीही गाडीत चढते. पट सप्टेंबरातच मोजून झालेला असतो. समजा 34 मुलं. डिसेंबरात फळ्यावर पट 34च, हजर 15. गुरुजी तेच, वर्ग तोच, पण ती पोरगी भागाकार शिकायच्या दिवसांत उसाच्या फडावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत असते. मार्च-एप्रिलमध्ये परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. वर्षअखेर तिला वाचता आलं नाही तर दोष शाळेच्या शिकवण्याला द्यायचा? मला तो अन्याय वाटतो. आईबाप गेले तरी मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे. वसतिगृह वेळेवर, म्हणजे गाड्या सुटण्याआधी सुरू झालं तर पोर थांबतं. महिनाभर उशीर झाला की ते आधीच फडावर पोचलेलं असतं.

उलटंही घडतं. पट नऊ, हजर नऊ, आणि चौथीचं पोर वर्तमानपत्र घडाघडा वाचतं. तिथला पट शिकवण्यामुळे घटलेला नसतो. वाडीत मुलंच कमी जन्मतात, आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी पारापर्यंत येऊन उरलेली घेऊन जाते. अशी शाळा पटाकडे बघून बंद केली तर लहानग्यांची पायपीट वाढते, आणि पावसाळ्यात ओढा आला की त्या नवांचीही हजेरी तुटते.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचं बहुमत असतं. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा पटाबरोबर डिसेंबर आणि जानेवारीची हजेरीपत्रकं मागा, आणि जी नावं सलग गैरहजर दिसतील ती कुठल्या कारखान्यावर आहेत, तेही विचारा.