जुन्या घरगुती संगणकांची हौशी खरेदी (ग्रामीण विदर्भ)

जुन्या घरगुती संगणकांची हौशी खरेदी : साधारण १९८० ते २००५ या काळात घरी, शाळेत किंवा लहान दुकानात वापरले गेलेले आणि आता कामातून गेलेले संगणक सेकंडहँड घेण्याचा छंद. यंत्र पुन्हा विकून चार पैसे काढणे हा हेतू नसतो. ते चालू करून पाहावे, जपावे, जमल्यास वापरावे, एवढेच. हा छंद स्वस्तात होतो का, हे ज्याने त्याने ठरवायचे. या नोंदीपुरता ‘परवडणारा’ म्हणजे एका क्विंटल कापसाच्या पैशांच्या आत येणारा. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव ७,१२१ रुपये होता. तेवढ्यात ग्रामीण विदर्भात एक सोडून चार यंत्रे येऊ शकतात, कारण इथे जुना संगणक बहुतेक वेळा किलोच्या भावाने विकला जातो.

या छंदाची प्रसिद्ध यंत्रे वेगळी आहेत. एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात आलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम (झेड-८० जातीचा प्रोसेसर, १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरी), त्याच वर्षीचा अमेरिकन कमोडोर ६४ आणि १९८१ च्या अखेरीस आलेला एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो, ही त्यातली मानाची मंडळी. स्पेक्ट्रम-प्लस परवाना घेऊन भारतातही बनला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकला. बीबीसी मायक्रो केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पातून १९८४-८५ पासून शाळांमध्ये गेला. त्यामुळे जुन्या अनुदानित शाळेच्या प्रयोगशाळेत, बेडकाच्या बरणीशेजारी, लाल फंक्शन कळांचा जाड बदामी कीबोर्ड दिसला तर तो नुसता कीबोर्ड समजून पुढे जाऊ नये. अख्खा संगणक त्याच खोक्यात असतो. मात्र असा योग दुर्मीळ. स्पेक्ट्रम किंवा कमोडोरच्या मागे लागलेला माणूस शेवटी परदेशातून मागवतो, टपालखर्च आणि सीमाशुल्क भरतो, आणि छंद स्वस्त राहत नाही. शिवाय अमेरिकेतला कमोडोर ११० व्होल्टवर चालतो. तो सरळ आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात खोचला की गोष्ट तिथेच संपते.

इथे खरोखर मिळते ते तीन थरांचे. वरचा थर कीबोर्डवाल्या टीव्ही गेमचा. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राची ही चिनी नक्कल. दिसायला संगणक, आत गेम. नव्वदीच्या अखेरीपासून ती आठवडी बाजारात आणि जत्रेत ‘टीव्ही कॉम्प्युटर’ म्हणून विकली गेली, आणि अनेक घरांतला पहिला संगणक तोच. सोबतच्या कार्ट्रिजमध्ये टायपिंगचा खेळ आणि जी-बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची सोपी भाषा असे. जाणकार संग्राहक त्याला नाक मुरडतात. ते चूक आहे. ज्या पोराने ‘टेन प्रिंट, ट्वेंटी गोटू टेन’ पहिल्यांदा त्यावर लिहिले, त्याच्या दृष्टीने तो संगणकच होता. त्याची अडचण निराळी आहे : आतली चिप डांबरासारख्या काळ्या टिकलीखाली असते, ती गेली की दुरुस्ती नाही. म्हणून दोन-तीन नग घ्यावेत, एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला लागतो.

खालचा थर एमएस-सीआयटीच्या वर्गांचा. हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि तालुक्याच्या गावी जागोजागी वर्ग निघाले. त्यांतले सेलेरॉन आणि पेंटियमचे डबे आज कोणी विचारत नाही. कोणी विचारत नाही तोवरच ते घ्यावेत, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे. विंडोज ९८ च्या काळातले खेळ आणि सीडीवरचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम त्यावर जसे चालतात, तसे नव्या यंत्रावर चालत नाहीत.

मधला थर सगळ्यांत मोलाचा, आणि तो विदर्भाचा स्वतःचा आहे. हिंगणघाट, वणी, खामगाव अशा कापूस बाजारांच्या गावी जिनिंगच्या ऑफिसात, वजनकाट्याच्या खोलीत, लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये पेंटियमच्या आधीच्या ३८६ आणि ४८६ जातीचे, डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरचे संगणक कित्येक वर्षे राबले. काट्याचा प्रोग्राम चालतोय ना, मग बदलायचे कशाला, या न्यायाने काही तर नवे शतक लागल्यावरही राबत राहिले. त्यांच्या पोटात कधी कधी जिस्ट कार्ड सापडते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे हे कार्ड. मूळ काम आयआयटी कानपूरचे. ते खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटे. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक संकेतांच्या, आधी मराठी अक्षर पडद्यावर कसे आले, याचा हा हातात धरता येणारा पुरावा. कमोडोर जगात अजून भरपूर शिल्लक आहेत, जिस्ट कार्ड मात्र भंगारात फोडले जाते. प्रेसमधले यंत्र घेताना मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेली आगपेटीएवढी डबीही मागून घ्यावी. ती काही डीटीपी पॅकेजांची, म्हणजे छपाईची पाने जुळवणाऱ्या प्रोग्रामांची, किल्ली असते. ती नसली तर प्रोग्राम उघडत नाही, आणि विकणारा ती हमखास कचऱ्यात टाकतो.

मिळण्याची ठिकाणे : पहिले ठिकाण तालुक्याचा कबाडी. त्याच्याकडचा भाव यंत्राच्या वयावर ठरत नाही, आतल्या तांब्या-सोन्यावर ठरतो. “चालते का बंद हाये हे मले नाही मालूम जी, पण वजन हाये त्याले,” हे त्याचे प्रामाणिक वर्णन असते. बोर्ड वेगळे, लोखंड वेगळे, तारा वेगळ्या, असा त्याचा हिशेब. सिरॅमिकचे सोनेरी पायांचे प्रोसेसर तर तो आधीच उपटून ठेवतो. म्हणजे संग्राहकाची स्पर्धा दुसऱ्या संग्राहकाशी नसून हातोड्याशी आहे. उपाय एकच : ‘फोडण्याआधी फोन करा’ असे सांगून ठेवणे आणि फोन आला की खरेच जाणे. दोनदा रिकाम्या हाताने परतलात तरी चहा घेऊन यावे. तिसऱ्यांदा माल राखून ठेवलेला असतो. दसऱ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे सामान खाली येते, तेव्हा फेरी चुकवू नये. ओएलएक्ससारख्या जाहिरातींत जिल्ह्याच्या ठिकाणचा माल दिसतो, पण तिथे विकणाऱ्याने परदेशातले भाव पाहिलेले असतात.

शाळा व ग्रामपंचायतीच्या मालाबाबत सावध राहावे. हा माल जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉकला चढवलेला असतो आणि रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे वहीतून कमी केल्याशिवाय, मुख्याध्यापकांनाही तो देता येत नाही. “घेऊन जा सर, नाहीतरी जागा अडवते” हे शब्द कितीही गोड वाटले तरी पावतीशिवाय उचलू नये. पुढच्या तपासणीत वस्तू कमी भरते आणि बोलणाऱ्या सरांच्या गळ्याशी येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी आपला माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीवाला किंवा पुनर्चक्रणवाल्याकडेच द्यायचा आहे. त्यामुळे ही वाट हळूहळू बंद होत चालली आहे.

तपासणी : घेतलेले यंत्र घरी आणल्या आणल्या चालू करण्याचा मोह सगळ्यांना होतो. आधी खोलावे. वैदर्भी यंत्राच्या पोटात तीन गोष्टी ठरलेल्या. जिनिंगमधल्या डब्यात पंख्यावर आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या खोक्यात, रुईचा नमदा बसलेला असतो. बंद राहिलेल्या यंत्राच्या फ्लॉपीच्या फटीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते. प्रस्तुत नोंदलेखकाला एका ड्राइव्हमध्ये ओळीने पाच खोल्यांची चाळ मिळाली होती, प्रत्येक खोलीत वाळक्या अळ्या. बाहेरून झटकून काही होत नाही, ड्राइव्ह सोडवून ओल्या बोळ्याने माती भिजवावी लागते. तिसरी गोष्ट उंदराची, तिचे वर्णन नको, पण तिने गंजलेला बोर्ड सहसा वाचत नाही.

मग बॅटरी पाहावी. ३८६-४८६ च्या बोर्डावर, कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळी किंवा हिरवी पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली असते. ती फुटून पाझरते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाते. ‘बाकी सगळं चालते, फक्त कीबोर्ड घेत नाही’ अशी तक्रार आली की बहुधा हेच. बॅटरी कापून काढावी, हिरवट भागावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावावे, कारण पाझरलेला द्रव अल्कधर्मी असतो. मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन दोन दिवस वाळू द्यावे. साधारण १९९९ ते २००७ मधल्या बोर्डांचे दुखणे दुसरे : कपॅसिटरची टोपणे फुगतात. फुगलेले एक दिसले तर जवळचे सगळे बदलावेत. हे काम टीव्ही दुरुस्तीवाल्याला उत्तम येते. त्याला संगणक म्हणून न सांगता ‘सप्लाय सेक्शन’ म्हणून सांगावे, तो घाबरत नाही.

पहिल्यांदा वीज देताना एसएमपीएसच्या मागची लाल खिट्टी २३० वर आहे ना ते पाहावे आणि १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या एकाच तारेच्या मध्ये, लावावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भकभकून पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पेक्ट्रमच्या नशीबवान मालकाने एक गोष्ट आणखी जपावी. त्याच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला टोक ऋण असतो, बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरमध्ये धन.

पडदा वेगळा शोधावा लागतो. टीव्ही गेमसारख्या यंत्रांना लागणारा पिवळ्या पिनेचा चौदा इंची डब्बा टीव्ही अजून गावोगाव पडून आहे. तो कोणी फुकट देत असल्यास घ्यावा, पण मागचे झाकण स्वतः उघडू नये. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. एसटीने आणताना टीव्ही मांडीवर, काच आपल्याकडे.

फ्लॉपी पावसाळ्यात बुरशी धरतात. बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हला घातली की हेडही खराब होते, म्हणून आधी सरकते पाते बाजूला करून चकती उजेडात पाहावी. हार्डडिस्क चालली तर तिची नक्कल ताबडतोब करावी, कारण ती पुन्हा चालेलच असे नाही. काट्याच्या एका संगणकात अख्ख्या हंगामाच्या पावत्या निघाल्या होत्या : गाडी नंबर, गाव, शेतकऱ्याचे नाव, भरले वजन, रिकामे वजन. प्रोग्राम जपला, नावे पुसली. कोणाच्या बापाचा कापूस कोणत्या साली किती भरला, हे दाखवायला संग्रह नसतो.

पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला पुन्हा पांढरे करण्याची रीत आहे. सलूनवाल्यांच्या दुकानात १२ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम मिळते. हातमोजे घालून ते चोपडायचे, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचे आणि उन्हात ठेवायचे. विदर्भात ऊन काय कमी आहे, असे वाटून लोक हे मे महिन्यात करतात. क्रीम जागच्या जागी वाळते, पट्टे उमटतात आणि झाकण वाकते. हिवाळ्यातले ऊन याला योग्य. दर अर्ध्या तासाने फिरवावे. दुकानातल्या यंत्रांच्या कपाळावर बहुतेकदा दसऱ्याचे हळदीकुंकू आणि बोटाने काढलेले स्वस्तिक असते, एकावर एक, कित्येक वर्षांचे. पेरॉक्साइडने ते फिके होते. काही जण तेवढा चौकोन चिकटपट्टीने झाकून बाकीचा डबा पांढरा करतात.