मेडिकल रायटर आणि आरोग्य पत्रकार: तक्ता एकच, धंदे दोन

भाचीचं बी.फार्म. संपलं आणि ताईचा फोन आला. "तिला लिहायची आवड आहे. तू करतोस ते मेडिकल जर्नालिझम तिला जमेल का रे?" मी आता जर्नालिझम करत नाही, हे ताईला सांगून सांगून मी थकलोय. सहा वर्षं एका मराठी दैनिकात आरोग्याच्या बातम्यांचं बीट सांभाळलं आणि गेली आठ वर्षं पुण्यात औषधचाचण्यांचे रिपोर्ट लिहितोय. दोन्हीकडे डॉक्टर, औषधं, आकडे. तरी इकडची सवय तिकडे नडते.

मेडिकल रायटरचं काम साच्यातलं. चाचणी संपली की क्लिनिकल स्टडी रिपोर्ट लिहायचा, तो औषधांसाठी सामाईक नियम ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई-३ या १९९५ सालच्या मार्गदर्शिकेबरहुकूम. कुठल्या प्रकरणात काय येणार ते आधीच ठरलेलं. गंभीर त्रास झालेल्या रुग्णाची स्वतंत्र हकिकत लिहावी लागते: वय, औषध कधी सुरू केलं, कितव्या दिवशी त्रास झाला, औषध थांबवलं का, पुढे काय झालं. रुग्णाला नाव नसतं, क्रमांक असतो. सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका हकिकतीत मी 'दुर्दैवाने' असा शब्द टाकला. तपासणाऱ्या बाईंनी तो लाल करून बाजूला एवढंच लिहिलं: "सोर्स?" बरोबरच होतं त्यांचं.

पत्रकाराला मात्र प्रश्नच स्वतः शोधावा लागतो. १९९८ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. अवघ्या १२ मुलांवरून गोवर, गालगुंड, रुबेला यांवरची एमएमआर लस आणि ऑटिझम (स्वमग्नता) यांचा संबंध त्यात सुचवला होता. रायटरच्या हाती त्या १२ मुलांचा तक्ता पडला असता तर त्याने तो नीट, बिनचूक मांडला असता. ब्रायन डीअर या पत्रकाराने ही मुलं आली कुठून आणि पैसे कुणाचे, हे खणलं. त्याच्या बातम्या २००४ पासून 'द संडे टाइम्स'मध्ये येऊ लागल्या, आणि लेख मागे घेतला गेला २०१० मध्ये.

पण पत्रकारितेची बाजू घेताना १९९५ चं ब्रिटनही आठवतं. नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गाठ होण्याचा धोका दुपटीने वाढतो, असा इशारा सरकारी समितीने दिला आणि मथळ्यांनी 'दुप्पट' उचललं. प्रत्यक्षात ७,००० बायकांमागे एकीऐवजी दोघी, एवढाच तो फरक. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आमच्या रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसले असते. वाचलं कुणी असतं, हा भाग निराळा. रेडिओवर तर ऐकणाऱ्याला मागे जाऊन आकडा पुन्हा बघता येत नाही. तिथे टक्के सांगूच नयेत, 'सात हजारांत एकीऐवजी दोघी' म्हणावं.

गुपितं दोघांकडेही असतात. पत्रकाराला मोठ्या नियतकालिकांचे लेख काही दिवस आधी मिळतात, एम्बार्गो, म्हणजे ठरल्या वेळेआधी बातमी न देण्याचं बंधन, पाळायच्या अटीवर. ती वेळ उलटली की बातमी मोकळी. रायटरने सही केलेला गोपनीयतेचा करार असा चार दिवसांत सुटत नाही.

नावाचंही तसंच. बातमीवर बायलाइन, म्हणजे बातमीदाराचं नाव, मिळते. शोधनिबंधाचा मसुदा रायटरने लिहिला तरी नुसत्या लिखाणावर लेखकपद मिळत नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, आयसीएमजेईचे, त्यासाठी चार निकष आहेत. बसत नसाल तर आभारात नाव. तेही टाळलं जातं तेव्हा त्याला घोस्टरायटिंग म्हणतात, आणि या धंद्याची बदनामी झाली ती त्यापायीच.

शिक्षणाचं फारसं गूढ नाही. रायटर म्हणून फार्मसी, बीएएमएस, बीडीएस, जीवशास्त्राची पीएचडी असं कुणीही चालतं. पत्रकारितेत रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणाहून येता येतं, पण आरोग्याच्या जोडीला महापालिकेचं बीटही गळ्यात पडेल याची तयारी ठेवावी.

भाचीला मी एक संमतीपत्र धाडलं. चाचणीत भाग घेणाऱ्याला ते त्याच्या भाषेत द्यावं लागतं, म्हणून मराठीतही असतं. त्यात 'यादृच्छिक पद्धतीने वाटप' असं होतं. म्हटलं, हे आजीला कळेल असं लिही. तासाभरात उत्तर आलं: "मामा, हे बघ. 'तुम्हाला खरं औषध मिळेल की तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. डॉक्टर निवडणार नाहीत.'" आजीला वाचून दाखवलं म्हणे. तिने विचारलं, "मग बिनऔषधाची आली तर माझ्या दुखण्याचं काय?" ते संमतीपत्राच्या पुढच्या पानावर होतं. भाची आता ते लिहितेय.